आधी कोणाला पाहायचे? शीळफाट्याच्या ढिगाऱ्याने शिकवलेला धडा

४ एप्रिल २०१३. गुरुवारची संध्याकाळ. वस्त्यावस्त्यांत जयंतीची वर्गणी, मंडपाची बोलणी सुरू होती. साडेसहाच्या सुमारास शीळफाट्याजवळच्या लकी कंपाउंडमधील सात मजली इमारत काही क्षणांत खाली बसली. खालच्या मजल्यांवर कुटुंबे राहायला आली होती आणि वर आठव्या मजल्याचे काम चालूच होते. बांधकामाला परवानगी नव्हती. काही महिन्यांत घाईघाईने उभी केलेली ती इमारत होती. ७४ माणसे गेली. त्यांत ३३ पुरुष, २३ स्त्रिया आणि १८ मुले होती. बहुतेक जण पोटासाठी आलेले, स्वस्त भाड्याची खोली मिळाली म्हणून तिथे राहिलेले कष्टकरी. ६ एप्रिलपर्यंत अग्निशमन दल, पोलीस, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आणि आसपासचे रहिवासी ढिगारा उपसत होते. जखमींना कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात आणि ठाणे परिसरातील इतर रुग्णालयांत नेण्यात आले.

इमारत का पडली, कोणी पैसे खाल्ले, याविषयी पुष्कळ लिहिले गेले आणि लिहिलेच पाहिजे. या पानावर आम्ही वेगळा प्रश्न घेत आहोत. एकाच वेळी चाळीस-पन्नास जखमी रुग्णालयाच्या दारात आले, तर नर्स आधी कोणाकडे जाते? आणि का?

आम्ही परिचारिका आहोत. कोणी सरकारी रुग्णालयात, कोणी खासगीत, कोणी आता निवृत्त. अपघात विभागात उभे राहून आम्ही एक वाक्य हजार वेळा ऐकले आहे : "सिस्टर, आमचा पेशंट आधी आलाय, तुम्ही त्यांच्याकडे का चाललात?" हा लेख त्या वाक्याचे उत्तर आहे. उत्तर नीट समजले तर कॅज्युअल्टीच्या दारातली निम्मी भांडणे मिटतील आणि काही जीवही वाचतील.

रांग नाही, निकड

रेशनच्या दुकानात जो आधी आला त्याला आधी मिळते, आणि ते योग्यच आहे. अपघात विभागात हा नियम चालत नाही. तिथे ज्याचा जीव आधी जाईल, त्याला आधी पाहायचे असते. रुग्णांची अशी झटपट छाननी करण्याला 'ट्रायेज' म्हणतात. शब्द फ्रेंच आहे, अर्थ निवडणे, वेगळे करणे. आपण धान्य निवडतो तसे.

या पद्धतीचा पाया घालणाऱ्यांत नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक दोमिनिक लारे याचे नाव घेतले जाते. त्या काळी रणांगणावर आधी उपचार मिळत ते मोठ्या अधिकाऱ्याला. साधा शिपाई रक्त जाऊन मरून जाई. लारेने नियम केला की हुद्दा पाहायचा नाही, जखम पाहायची. ज्याची जखम अधिक जीवघेणी, तो आधी. आपल्या वाचकांना या नियमाचे मोल वेगळे सांगायला नको. माणसाची पायरी पाहून पाणीसुद्धा द्यायचे की नाही हे ठरवणाऱ्या समाजात आपल्या आजा-पणजांनी आयुष्य काढले. ट्रायेजमध्ये जात, पैसा, ओळख, नगरसेवकाची चिठ्ठी यांना जागा नाही. तिथे श्वास, नाडी आणि शुद्ध एवढ्या तीनच गोष्टी विचारल्या जातात.

एका मिनिटाची तपासणी

मोठ्या दुर्घटनेत जगभर वापरली जाणारी एक सोपी पद्धत १९८३ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील न्यूपोर्ट बीच येथे एका रुग्णालयाने आणि तिथल्या अग्निशमन दलाने मिळून तयार केली. तिला 'स्टार्ट' म्हणतात. प्रत्येक जखमीमागे मिनिटभराहून कमी वेळ द्यायचा आणि त्याला एक रंग द्यायचा. पायऱ्या अशा :

पहिली पायरी : मोठ्याने सांगायचे, "ज्यांना चालता येते त्यांनी त्या झाडाखाली जा." जे चालत गेले ते हिरवे. त्यांना लागलेले असते, हातही मोडलेला असू शकतो, पण ते थांबू शकतात.

दुसरी पायरी : उरलेल्यांचा श्वास पाहायचा. श्वास नसेल तर हनुवटी वर उचलून श्वासमार्ग मोकळा करायचा. तरीही श्वास आला नाही तर काळा रंग. श्वास सुरू झाला तर लाल. श्वास चालू आहे, पण मिनिटाला ३० पेक्षा जास्त, तरीही लाल.

तिसरी पायरी : मनगटाची नाडी. लागत नसेल तर लाल. किंवा नखावर दाबून सोडायचे. पांढरे पडलेले नख दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाले नाही, तर रक्ताभिसरण ढासळले आहे असे समजायचे. लाल.

चौथी पायरी : "डोळे उघडा, माझा हात दाबा," असे सांगायचे. साधी सूचना पाळता आली नाही तर लाल.

या सर्वांतून जो पार पडला, पण चालू शकत नाही, तो पिवळा. त्याला उपचार हवेतच, पण थोड्या वेळाने चालतील.

या फेरीत नर्स फक्त दोन उपचार करते : श्वासमार्ग मोकळा करणे आणि भळभळणारे रक्त दाबून थांबवणे. सलाईन नाही, टाके नाहीत, पट्टी नाही. ती एका माणसाजवळ दहा मिनिटे थांबली, तर पलीकडचे तीन जण त्या दहा मिनिटांत जातात. लांबून पाहणाऱ्याला वाटते, ही नुसती फिरते आहे, काही करत नाही. खरे तर त्या वेळी तेच सर्वांत अवघड काम चाललेले असते.

पाच जण एकदम आले तर

आता स्वतःला त्या जागी ठेवून पाहा. समजा, कल्याण-शीळ रस्त्यावरच्या एका छोट्या रुग्णालयात टेम्पोतून पाच जखमी एकदम आले. ड्युटीवर एक डॉक्टर आणि दोन नर्स.

एक गवंडी, हाताचे हाड मोडलेले, वेदनेने जोरजोरात ओरडतो आहे. एक बाई भिंतीला टेकून गप्प बसली आहे. कुठेही रक्त नाही, पण अंग थंड, घामाने ओले, श्वास भरभर, आणि ती पाणी मागते आहे. एक तरुण बेशुद्ध, घशात घरघर. एका आजोबांच्या डोक्याला खोक पडली आहे, कपडे रक्ताने माखले आहेत, पण ते नीट बोलतात, नाडी चांगली आहे. पाचव्याचा श्वास नाही, श्वासमार्ग मोकळा केल्यावरही आला नाही.

नातेवाईक कोणाकडे बोट दाखवतील? ओरडणाऱ्या गवंड्याकडे आणि रक्ताने माखलेल्या आजोबांकडे. नर्स आधी जाईल बेशुद्ध तरुणाकडे. त्याची जीभ मागे पडली आहे. हनुवटी उचलून, तोंडातले रक्त सक्शनने काढले की घरघर थांबेल. त्याला काही सेकंद पुरतात. मग लगेच त्या गप्प बाईकडे. तिच्या पोटात आत रक्तस्राव होत असण्याची दाट शक्यता आहे. ती गप्प आहे, कारण ओरडायला तिच्यात ताकद उरलेली नाही. हे दोघे लाल. आजोबांच्या खोकेवर कापड दाबून धरायला त्यांच्याच मुलाला सांगायचे. ते चालू शकत नसतील तर पिवळे. गवंडी स्वतःच्या पायांनी चालत आला, म्हणून हिरवा.

आम्ही नव्याने आलेल्या मुलींना पहिल्याच दिवशी हे सांगतो : जो ओरडतो त्याचा श्वास चालू आहे. जो गप्प आहे त्याच्याकडे आधी बघ.

पाचव्याचे काय? एरवी एकटा आला असता तर आम्ही सर्व जण त्याच्यावर धावलो असतो. छाती दाबली असती, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल. पण एकाच वेळी पाच जण असतात, तेव्हा त्याच्यासाठी वापरलेले हात दोन जिवंत माणसांचे जीव घेऊ शकतात. काळा रंग देताना नर्सचा हात थरथरतो. ती घरी गेल्यावर जेवत नाही. हा निर्णय निर्दयपणाचा नाही, पण त्याचे ओझे असते, आणि ते तिला एकटीला वाहायला लागू नये. अशा माणसाला बाजूला, चादरीने झाकून, मानाने ठेवायचे आणि जवळच्यांना कोणीतरी खरे सांगायचे, हाही ट्रायेजचाच भाग आहे.

रंग बदलतो

एकदा दिलेला रंग कायमचा नसतो. पिवळ्याचा अर्ध्या तासात लाल होतो. म्हणून चांगली नर्स पुन्हा पुन्हा फेरी मारते आणि दर वेळी आकडे लिहून ठेवते : श्वास, नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, तापमान, शुद्ध. यांत श्वासाचा आकडा सर्वांत आधी बोलतो. तरुण माणसाचे बरेच रक्त आत जाऊनही त्याचा रक्तदाब काही काळ ठीक दिसतो. पण श्वास वाढलेला असतो, नाडी पळत असते, आणि माणूस उगाच चिडचिड करतो, अंगावरची चादर फेकतो. नातेवाईक म्हणतात, "घाबरलाय." नर्स म्हणते, "रक्त मागवा."

मुलांची गोष्ट आणखी वेगळी आहे. मूल शेवटपर्यंत तग धरते आणि मग एकदम ढासळते. मोठ्या माणसाचे हृदय बंद पडून श्वास थांबतो, मुलाचे बहुधा उलट होते : आधी श्वास अडतो, मग हृदय. म्हणून नाडी लागणाऱ्या पण श्वास नसलेल्या मुलाला काळा रंग देण्याआधी पाच वेळा तोंडाने श्वास द्यायचा, असा नियम आहे. गरोदर बाईला उताणे झोपवायचे नाही, डाव्या कुशीवर कलते ठेवायचे, म्हणजे गर्भाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडत नाही.

ढिगाऱ्याखालचा लपलेला धोका

इमारतीखाली अडकलेल्यांच्या बाबतीत एक गोष्ट प्रत्येक वस्तीला माहीत हवी. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते. ढिगाऱ्यातून जिवंत, बोलत बाहेर काढलेली माणसे काही दिवसांत मूत्रपिंड निकामी होऊन मरत होती. १९४१ साली हॅमरस्मिथ रुग्णालयातील डॉ. एरिक बायवॉटर्स यांनी त्यावर लिहिले. कारण असे की मांडीसारखा मोठा स्नायू तासन्‌तास दाबला गेला की तो आत मरू लागतो. वरचा भार एकदम काढला की मेलेल्या स्नायूतले पोटॅशियम आणि इतर द्रव्ये रक्तात धावतात. पोटॅशियम हृदय थांबवू शकते, आणि बाकीची द्रव्ये मूत्रपिंडात अडकतात.

म्हणून जाणकार पथक शक्य असेल तिथे माणूस अडकलेला असतानाच त्याच्या मोकळ्या हाताला सलाईन लावते आणि मग भार उचलते. पोटॅशियम असलेले सलाईन त्याला देत नाहीत. नंतर वॉर्डमध्ये नर्स त्याचा ईसीजी पाहते आणि कॅथेटर घालून तासातासाला लघवी मोजते. लघवी काळ्या चहासारखी झाली, कमी झाली, की लगेच डॉक्टरांना कळवते. "नुसता पाय सुजलाय, घरी नेतो," असे म्हणणाऱ्या नातेवाइकांना तिथेच थांबवायचे असते.

वस्तीतल्या तरुणांनी एवढे लक्षात ठेवावे : माणूस नुकताच अडकला असेल आणि वजन उचलता येत असेल तर लगेच सोडवा. तासाभराहून जास्त वेळ झाला असेल आणि आग, पाणी असा दुसरा धोका नसेल, तर पथकाची वाट पाहा. तोवर त्याच्याशी बोलत राहा.

रुग्णवाहिका येईपर्यंत

२०१३ च्या त्या संध्याकाळी महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा नव्हती. ती २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. त्यांतल्या २३३ गाड्या गंभीर रुग्णांसाठी व्हेंटिलेटरसारख्या साधनांनी सज्ज होत्या. सेवा आहे, पण शीळफाटाही आहेच. मुंब्रा बायपास, कल्याण-शीळ रस्ता, महापेकडून येणारा रस्ता आणि पनवेलकडचा रस्ता एकमेकांना भिडतात तिथे अवजड गाड्यांच्या कोंडीत रुग्णवाहिकेचा भोंगा वाजत राहतो. पहिली पंधरा-वीस मिनिटे तुमच्याच हातात असतात. या पट्ट्यात धोके कमी नाहीत : डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी झालेले स्फोट आपण विसरलेलो नाही. म्हणून :

• आधी स्वतःची सुरक्षा. वीज, गॅस, कललेली भिंत पाहा. मदत करणाराच जखमी झाला तर रुग्ण एकाने वाढतो.

• वाहते रक्त स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा, सारखे उघडून बघू नका. हळद, चहापूड, माती भरू नका. शरीरात घुसलेली सळई किंवा काच उपसू नका.

• हातापायाचे रक्त दाबूनही थांबत नसेल, तर जखमेच्या वर तीन बोटांवर, सांधा सोडून, रुंद पट्टी काठीने पिळून आवळा. वेळ लिहून ठेवा आणि पट्टी सैल करू नका.

• बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका. आपल्याकडे माया दाखवायची पहिली रीत म्हणजे पाणी. पण ते पाणी फुप्फुसात जाते. फिट आलेल्याला कांदा, चप्पल हुंगवू नका. झटके थांबल्यावर कुशीवर वळवा.

• उंचावरून पडलेल्याला हात-पाय धरून झोळीसारखा उचलू नका. मान, पाठ सरळ ठेवून फळीवर किंवा दारावर चार-पाच जणांनी एकदम उचला.

• सगळ्या जखमींना एकाच रुग्णालयात नेऊ नका. किरकोळ जखमी रिक्षाने आधी पोचतात आणि कॅज्युअल्टी भरून जाते. गंभीर जखमी मागून येतो, तेव्हा खाट उरलेली नसते.

आणि दुर्घटना नसतानाही लाल रंग असतो. छातीत दाब व घाम, तोंड अचानक वाकडे होणे, बोबडी वळणे, एक हात लुळा पडणे, सर्पदंश, धाप. "गॅस झालाय, सकाळी बघू" म्हणू नका. छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी दारात आल्यापासून दहा मिनिटांत व्हायला हवा. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आतच देता येते. म्हणून लक्षण किती वाजता सुरू झाले हे नर्सला नेमके सांगा.

हक्क

तातडीचा उपचार ही कोणाची मेहेरबानी नाही. संविधानाच्या अनुच्छेद २१ ने दिलेल्या जगण्याच्या हक्कात तो येतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सांगितले की सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरने आधी जीव वाचवायचा, पोलिसांचे कागद नंतर. १९९६ साली पश्चिम बंगालच्या एका प्रकरणात रेल्वेतून पडलेल्या शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठवले होते. न्यायालयाने तो अनुच्छेद २१ चा भंग ठरवला आणि २५ हजार रुपये भरपाई द्यायला लावली. रस्त्यावरील अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यालाही मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ ने संरक्षण आहे. त्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही. "पोलिसांच्या लफड्यात कोण पडेल" ही भीती आता सोडा.

हक्क मागताना हेही लक्षात ठेवू : खाट, रक्त, व्हेंटिलेटर, पुरेशा नर्स नसतील, तर त्याचा जाब व्यवस्थेला विचारायचा असतो. रात्रपाळीत एकटी उभी असलेल्या सिस्टरच्या अंगावर धावून जाण्याने खाट वाढत नाही. ती तुमच्या माणसाला ओलांडून पुढे गेली, याचा अर्थ बहुधा एवढाच की तुमचा माणूस तग धरून आहे. तिला शांतपणे विचारा, "सिस्टर, याचा श्वास आता जास्त वाटतोय, पुन्हा बघता का?" असे सांगणारा नातेवाईक आमचा तिसरा डोळा असतो.

सेवा करणाऱ्याचे गुण

विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडलेला होता आणि कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून मंचावर ठेवले. मग संघाला बजावले की माझी सेवा करू इच्छिणाऱ्याने आजाऱ्याची सेवा करावी. तिथेच चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले आहेत : औषध तयार करता येणे, पथ्य-अपथ्य कळणे, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, मलमूत्र-वांतीची किळस नसणे, आणि रुग्णाला धीराचे शब्द देता येणे. अडीच हजार वर्षे झाली. आजही आमच्या कामाची यादी याहून फार वेगळी नाही.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात अतिरेकी शिरले, तेव्हा परिचारिका अंजली कुलथे यांनी वॉर्डातील वीस गरोदर स्त्रियांना टोकाच्या लहान खोलीत हलवले आणि कळा सुरू झालेल्या एकीला प्रसूतिगृहापर्यंत नेले. धोका कुठे, निकड कोणाला, आधी काय, याचा निर्णय त्यांनी क्षणात केला. तोही ट्रायेजच होता.

या महिन्यात एवढे करा

तुमच्या विहारात एका रविवारी, वंदनेनंतर तासभर, जवळच्या एखाद्या नर्सला बोलवा. प्रत्येक वस्तीत आपली एक तरी लेक नर्सिंग शिकलेली असतेच. तिच्याकडून चार गोष्टी हाताने करून शिका : हनुवटी उचलणे, कुशीवर वळवणे, रक्त दाबणे, छाती दाबणे. विहाराच्या फलकावर १०८, ११२ आणि अग्निशमनचा १०१ मोठ्या अक्षरांत लिहा. त्याखाली वस्तीतल्या गाडीवाल्यांचे, रक्तदात्यांचे, परिचारिकांचे क्रमांक लिहा. जुनी फळी, स्वच्छ चादरी, रुंद पट्ट्या एका पेटीत ठेवा आणि पेटीची किल्ली कोणाकडे आहे हे सर्वांना माहीत असू द्या.

आणि भाड्याची खोली घेताना इमारतीचे कागद बघा, शेजाऱ्यांनाही बघायला सांगा. लकी कंपाउंडमधली १८ मुले गेली. त्यांना वाचवण्याची वेळ इमारत पडण्याच्या आधीची होती.

जयभीम.